मुलीच्या मामाचं नाव यादीत नव्हतं

हसायचं तर हसा, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. मुलीच्या लग्नात मी तिच्या सख्ख्या मामालाच पत्रिका दिली नाही. आता मामाच नसेल तर मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे उभं कोण राहणार, मी?

निवृत्त झालो आणि मला पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायचं वेड लागलं. आमच्या प्रताप नगरात भाजीची यादीसुद्धा कॉम्प्युटरवर करणारा मी एकटाच असेन. एक ओळ लिहिली की सगळी नावं आपोआप क्रमाने लागतात! कशी लागत असतील, या विचारात माझे दोन चहा गार झाले.

तर मी सगळ्या नातेवाइकांची यादी केली, तिला नाव दिलं 'लग्न'. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मात्र घरच्या घरी होतं. म्हणून लिहिलं, साक्षगंध = लग्न. झाली दुसरी यादी! तिच्यातून साक्षगंधाला न येणारे एकेक उडवले. त्यात माझे कळमेश्वरचे मेहुणेही होते. "कंपनीत सुट्टी नाही भाऊजी, लग्नाले चार दिवस आधी येतो," असं त्यांनीच कळवलं होतं.

पुढे पत्रिका छापून आल्या. 'लग्न' यादी काढली आणि नावं बघत सगळीकडे वाटून आलो.

आठवड्याने बायकोने विचारलं, "दादाचा फोन काहून नाही आला? पत्रिका दिली ना त्याले?"

यादी उघडली. दादा नाही. साक्षगंधातून उडवलेलं कोणीच नाही. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगी कॉम्प्युटरच्याच क्षेत्रातली. तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही दुसरी यादी केलीच नाही. एकाच यादीले दोन नावं दिले. इकडून खोडलं का तिकडूनबी जाते. कॉपी करा लागते."

"अरे वा," मी म्हणालो. मला खरंच गंमत वाटली होती. पण दोघींनी असं पाहिलं की मी मुकाट्याने गाडीची किल्ली घेतली.

कळमेश्वरला मेहुण्यांना अर्धा तास पायथन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पत्रिका घेतली. "भाचीसाठी येतो," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "कॉम्प्युटरनं नाव काढलं, समजलं. पण मागच्या रविवारी तुम्ही माझ्याच अंगणात गाडी लावली. मी पाणी दिलं, ते पिले. अन् शेजाऱ्याले पत्रिका देऊन निघून गेले. तवा मी दिसलो नाही काय तुमाले?"

दिसले होते हो. मी पाणी पिता पिता त्यांचं नाव यादीत शोधलंही होतं. सापडलं नाही, म्हणून निघालो.