कारल्याचे काप

जेवण होतं, तरी मुकुंदराव सबनीस ताट उचलत नाहीत. ते उशाशी ठेवून कॉटवर आडवे होतात. ताटात कारल्याचे दोन काप मुद्दाम राखलेत, कुणासाठी ते त्यांनाच सांगता येणार नाही. जन्मभर कारलं बघून नाक मुरडणाऱ्या या माणसाने आज एकट्याने पाव किलो कारली फस्त केलीत. मेसवाल्या गोदूताईंनी शिकवलं. पिळायची नाहीत, उकडायची नाहीत. पातळ चिरून मीठ-तिखट लावायचं, तव्यावर मंद आचेवर ठेवायचं आणि झाकणाचं नाव काढायचं नाही. पंख्याची घरघर ऐकता ऐकता डोळा लागतो.

घरघर एसटीची आहे. मुकुंदराव कराडच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसलेत, नोकरीत बसायचे तसे. शेजारी जमिनीवर बायको, शालन, विळी घेऊन कारली चिरतेय. तिला जाऊन दीड वर्ष झालं हे त्यांना ठाऊक आहे, तरी नवल वाटत नाही.

"शालन, मला कारलं आवडायला लागलं," ते घाईघाईने सांगतात. "स्वतः केलं. खाऊन बघ."

"तव्यावर? न पिळता?"

"तुला कसं कळलं?"

"माझ्या आईची पद्धत. लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्यांदा हेच केलं होतं."

"मग चौतीस वर्षं तो गुळाचा लगदा का खाऊ घातलास?" त्यांचा आवाज चढतो. सवयच ती, मेलेल्या बायकोपुढेही सुटत नाही.

"ती तुमच्या आईंची पद्धत. 'आमच्यात असं करत नाहीत' म्हणालात आणि ताट भिरकावलंत. एक घाससुद्धा खाल्ला नव्हतात."

खिडकीबाहेर आता गाड्या नाहीत. त्यांचं भाड्याचं पहिलं स्वयंपाकघर आहे. भिंतीवर तेलाचा ओघळ, आणि फरशीवर एक स्टीलचं ताट गरगर फिरतंय. थांबतच नाही.

"मला आठवत नाही," मुकुंदराव म्हणतात. खरंच आठवत नाही, म्हणून जास्तच लाज वाटते.

"तुम्हाला कशाला आठवेल? पुसून मी काढलं."

"तुझ्यासाठी दोन काप ठेवलेत गं. एक तरी खा. मला बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच जन्मभर रांधलं," शालन म्हणते. रागावत नाही, तेच त्यांना सोसत नाही. "आता नको."

ती वाकून ताटावर हात ठेवते. ताट थांबतं.

"काठाला पोचा आलाय बघा. रोज याच ताटात वाढायचे तुम्हाला. वाटायचं, कधीतरी विचाराल कशाने आला."

ती विळी आडवी ठेवते आणि समोर लागलेल्या गाडीत चढते. इतकी वर्षं कंट्रोलर होते, पण गाडी कुठली ते मुकुंदरावांना सांगता येत नाही.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. उशाशी ताट आहे, दोन्ही काप तसेच, गार होऊन चिवट झालेले. मुकुंदराव ते काढून ठेवतात, ताट खिडकीशी नेतात आणि काठावरून अंगठा फिरवत जातात. अर्धा काठ गुळगुळीत लागतो. त्यांना जरा हायसं वाटतं. मग अंगठा खळग्यात बसतो.

कशाने आला, हे विचारायला आता घरात कुणी नाही.