तिसरं रीडिंग

शमीम गेली त्याला सहा आठवडे झाले. तिच्या कबनूरच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. "सर, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. पोरांना सोडून मी मोकळ्या वर्गात बसून राहिलो... रडूसुद्धा येईना.

आम्ही कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात एकाच वर्षी लागलो, दोघंही रसायनशास्त्र शिकवायला. यंत्रमागाच्या खटखटाटात वाढलेली ती पोरगी; तिचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटायचं. अन्नातली गुणकारी द्रव्यं शोधायचा तिला भारी नाद. त्यासाठी आम्ही किलोनं धान्य दळायचो, बाटल्याच्या बाटल्या अल्कोहोल ओतायचो. शमीमनं ते सगळं करंगळीएवढ्या नळीत बसवलं. चिमूटभर पीठ, थोडे थेंब अल्कोहोल, किंचित आम्ल; नळी जोरात फिरवायची आणि वरचा अर्क मोजायचा. मी पसाभर धान्य काढलं की खेकसायची, "अरे, पंगत वाढालायस काय? चिमूट घे की!"

ती चिमूट कशासाठी, हे मला चंदगडात कळलं. तिथं गंगाक्का नावाच्या म्हातारीकडं काळ्या भाताचं जुनं वाण होतं. बाळंतिणीला त्याची पेज देत. अक्कानं शमीमच्या हातावर मूठभर भात ठेवला. "पोरी, एवढंच हाय बघ. रानात पोरानं काजू लावला." परतताना एसटीत शमीमनं ठरवून टाकलं. दोन-तीन चिमटी मोजायला, बाकीचं बियाण्याला. या भातात काय आहे ते आकड्यांत दाखवलं, तर कुणीतरी तो पुन्हा लावेल. तीनदा सारखा आकडा आला तरच लोक मानतात. दोनदा आला. तिसऱ्या वेळेआधी तिच्या पोटात कॅन्सर निघाला.

दवाखान्यातून तिनं मला सांगितलं, "भात सादळला असंल. चिमूटभर काढ, चाळीस डिग्रीला वाळव, तिसरं रीडिंग घे. बाकी बियाण्याची डबी हलवू नको." इतकं स्पष्ट सांगितलं होतं हो! पण माझं डोकं जागेवर नव्हतं. अख्खा भातच ओलसर लागला, म्हणून सगळाच एकदम वाळवू म्हटलं आणि डबी ओव्हनमध्ये रिकामी केली. सकाळी प्रॅक्टिकलसाठी मीच तो ओव्हन एकशेऐंशीवर लावला होता. भात टाकताना आकडा पाहिलासुद्धा नाही. दुपारी दार उघडलं तर भाजक्या दाण्यांचा वास आला. तरी वेड्यासारखा अर्क काढला. तो चहासारखा तपकिरी आला.

संध्याकाळी भेटायला गेलो. पहिला प्रश्न, "रंग कसा आला?"

"झकास. जांभळा," मी म्हणालो.

काळा भात आम्लात लालभडक उतरतो. हे तिनंच मला शिकवलं होतं, आणि नेमकं तेच मी विसरलो. ती माझ्याकडं बघत राहिली.

"आणि बी?"

"ठेवलंय."

"बरं केलंस..." असं म्हणून तिनं भिंतीकडं तोंड वळवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला कळलं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाशी मी खोटं बोललो, आणि तिनं मला सांभाळून घेतलं. लाज वाटते मला.

परवा चंदगडला जाऊन अक्काला दोन्ही गोष्टी सांगितल्या. कुठं कोनाड्यात मूठभर भात उरला असेल, अशी वेडी आशा होती. नव्हता. अक्का म्हणाली, "पोरीला देवानं न्हेलं. बी मातुर तुमी घालवलंसा."

शमीमची वही माझ्याकडं आहे. तिसऱ्या रीडिंगचा रकाना तिनं आखून ठेवला होता. काल त्यात लिहिलं, 'नमुना व बियाणे ओव्हनमध्ये जळाले. चूक माझी,' आणि सही केली. वरचे दोन आकडे तिच्या अक्षरात आहेत. ते बरोबर आहेत, मला ठाऊक आहे. पण आता तपासून बघायला त्या भाताचा एक दाणाही उरलेला नाही.