वाटी रिकामी जायची नाही

दोडका चिरताना त्याच्या शिरा केरात टाकणारी बाई इंदिराबाईंच्या मनातून कायमची उतरायची. तोंडावर त्या काही बोलायच्या नाहीत, पण घरी आल्या की दत्तोपंतांना सांगायच्या, "चांगल्या कोवळ्या शिरा हो, सगळ्या केरात!" ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाच्या घरी दरोडा पडलाय. दत्तोपंत वालचंदनगरच्या कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून. हजेऱ्या लावून दमून आलेला माणूस, "हं" म्हणायचा आणि पेपरात डोकं घालायचा.

त्यांच्या क्वार्टरमध्ये शिरांची चटणी व्हायची, तीळ आणि लाल मिरची घालून, खमंग. दुधीच्या सालींचंही तेच. तूप कढवल्यावर पातेल्याला धरलेली बेरी गूळ घालून मुलाच्या, विराजच्या पोळीत जायची. पिळलेल्या लिंबाच्या फोडी मिठाच्या बरणीत. रात्रीचं वरण उरलं की सकाळी त्यात वरणफळं. पोळ्या उरल्या तर कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करा, आणि तो असा काही जमायचा, की पोळ्या उराव्यात म्हणून विराज आदल्या रात्री हात आखडून जेवायचा. आई ओरडायची, "भूक नाही का रे तुला?" पोरगं हात धुवायला पळायचं.

त्यांना कंजूष म्हणणारे होते. क्वार्टरांच्या लाइनीत सगळ्यांनाच तोंड असतं. पण कंजूष माणूस खातानासुद्धा रडतो, आणि इंदिराबाईंसारखं सुखानं जेवताना फारसं कुणी पाहिलं नसेल. तव्यावरची भाकरी फुगली की त्या खुदकन हसायच्या. तिचा पापुद्रा काढून त्यावर मीठ-तेल चोळायच्या आणि पहिला घास घेताना चक्क डोळे मिटायच्या. "आज काय जमलीय!" असं स्वतःच म्हणायच्या, कारण त्या वेळी घरात म्हणायला दुसरं कुणी नसायचं. दुपारचा भोंगा झाला की चहाचा कप घेऊन पायरीवर बसायच्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मागणं काही नसायचं, नुसता दिवसाचा वृत्तांत असायचा. गॅस पुरला, दूध नासलं नाही, वाऱ्यानं पापड उडाले नाहीत, चांगला गेला दिवस. देवालाही असं गिऱ्हाईक क्वचितच मिळत असेल.

आता वाटीचं सांगायला हवं. शेजारून वाटीत काही आलं, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत आपल्याकडे सगळ्यांचीच. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. पण इतर बायका चार-आठ दिवस घ्यायच्या. एखादी वाटी महिनाभरही पडून राहायची आणि तिच्यावरून गोड भांडणं व्हायची. इंदिराबाईंकडे सकाळी आलेली वाटी सूर्य मावळायच्या आत परत गेलीच पाहिजे, तीही काठोकाठ. शेजारच्या ठमाबाईनं हरभऱ्याची भाजी पाठवली की उलट लिंबाचं लोणचं. ताक पाठवलं की मेतकूट. ठमाबाईचा नवरा सोनबा कारखान्यात क्रेनवर होता. त्याच्या बापाची मेंढरं होती, पुढे शेती आली आणि मग ही नोकरी. लाइन जुनी, त्यामुळे तिथे सगळे मिसळूनच राहिलेले. ठमाबाई कुंपणावरून हाक मारायची, "ओ वयनी, जरा दम धरा की! माजी वाटी काय पळून चाललीया व्हय?" इंदिराबाई हसायच्या, पण दम काही धरायच्या नाहीत.

का, ते दत्तोपंतांनाही कधी सांगितलं नव्हतं. इंदिराबाई इंदापूरच्या. वडील लवकर गेले आणि आई चार घरी स्वयंपाकाला जाऊ लागली. तिथलं उरलंसुरलं यायचं ते त्यांच्याच भांड्यांतून. एकदा भर दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "अन्न नेलंत ते नेलंत, वाट्यासुद्धा गिळता की काय?" आईनं धावत जाऊन वाटी आणून दिली. रिकामी. घालणार काय? उंबऱ्यावर बसलेल्या लहानग्या इंदीनं आईची मान पाहिली, एवढी खाली गेलेली. त्या मानेनं पोरीचा पुढचा सगळा संसार चालवला म्हणा ना.

शहाण्णव साली दत्तोपंत निवृत्त झाले, तोवर विराज नोकरीसाठी बाहेरगावी गेला होता. हार, शाल, भाषण झालं आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. बारामतीत त्यांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. येस्टीनं तासाभराचा रस्ता, काही सातासमुद्रापार नाही. पण लग्न होऊन ज्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, तो ओटा सोडायचा होता. इंदिराबाई रडल्या नाहीत. त्यांनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. भरलेला एकही डबा ट्रकवर चढवायचा नाही, जे आहे ते इथेच खाऊन संपवायचं, असं ठरवलं.

मग ते डबे संपवणं काय वर्णावं! मूठभर मटकी, मूठभर मसूर आणि तळाशी राहिलेले वाल, एकत्र उसळ. साबुदाण्याचा भुगा आणि वरईची कणी मिळून खिचडी. उरल्यासुरल्या सगळ्या डाळी भाजून दळून आणल्या आणि तीन दिवस थालीपिठं केली. लोणच्याच्या बरणीतला शेवटचा खार भाताला लावला. पापडांचा चुरा कांद्यात कालवला. दत्तोपंत बिचारे पानात येईल ते ओळखायचा खेळ खेळत जेवत होते. एक दिवस म्हणाले, "अगं, आज काय आहे हे?" इंदिराबाई म्हणाल्या, "चांगलं आहे ना?" "चांगलं आहे." "मग जेवा."

शुक्रवारी दुपारी शेवटच्या चमचाभर साखरेचा चहा झाला. डबे घासून, उन्हात वाळवून, जुन्या साड्यांत गुंडाळून पोत्यात गेले. गॅसची शेगडी सोडली. शनिवारी बांधाबांध, रविवारी सकाळी ट्रक. उद्याचे मोजके पोहे सोडले तर घरात दाणा उरला नव्हता आणि एक दाणा वायाही गेला नव्हता. रिकाम्या फळीवरून हात फिरवून त्यांनी बोटं पाहिली. धूळसुद्धा नव्हती. हिमालय चढून आलेल्या माणसाला काय वाटत असेल ते त्यांना वाटलं.

आणि इथेच घोटाळा झाला. लाइनीत एक पद्धत होती. कुणी क्वार्टर सोडून निघालं की आदल्या दिवशी त्या घरची चूल पेटू द्यायची नाही, शेजारपाजाऱ्यांनी जेवण पाठवायचं. आजवर गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला इंदिराबाईंनी स्वतः डबा पोचवला होता. पण या खेपेला जाणारं घर आपलं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शनिवारी दोघांनी भिजवलेले पोहे खायचे, असा त्यांचा बेत होता, म्हणून तेवढे मोजके पोहे मागे ठेवले होते आणि सकाळीच खाऊन टाकले होते.

बारा वाजता समोरची योगिनी आली. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली पोर, हातात शेवयांची खीर. मागोमाग शेवटच्या क्वार्टरमधल्या नर्सबाई मुगाची खिचडी घेऊन. पलीकडच्या क्वार्टरमधल्या बापूसाहेबांकडून कढी आली. आणि ठमाबाई भाकऱ्यांच्या चवडीवर भगुलं ठेवून आली. भगुल्यात हुलग्याची शेंगोळी, वर लसणाच्या तेलाचा लाल तवंग. "गरम हायती तवर खावा," म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

दोघं वळकटीला टेकून जेवायला बसले. लग्न झाल्यापासून स्वतः न रांधता आयतं, पोटभर, आणि तेही गरम जेवायची ही इंदिराबाईंची पहिलीच वेळ असावी. शेंगोळीचा रस्सा त्यांनी भाकरीत जिरवला, मग बोटांनी, मग भगुलं तिरपं करून. दुसऱ्याच्या हातचं सगळं पान किती चांगलं लागतं, हे आपल्याला माहीतच नव्हतं असं त्यांना वाटलं. जेवून हात धुतल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, किती सुखाचं जेवले मी आज." दत्तोपंत वळकटीवर आडवे झाले.

भांडी घासून त्यांनी ओट्यावर पालथी घातली. चार भांडी. आणि नेहमीच्या सवयीनं हात वर फळीकडे गेला. तो तिथेच राहिला.

घरात काही नव्हतं. साखरेचा कण नव्हता, मिठाचा खडा नव्हता. त्यांनी पोतं सोडून डबे उघडून पाहिले. सगळे लख्ख. परसातला कढीपत्ता? तो तर आठ दिवसांपूर्वीच ओरबाडून त्यांनी लाइनभर वाटला होता. दत्तोपंत डोळे न उघडता म्हणाले, "मी जाऊन पेढे आणतो पावशेर. घाल एकेक."

"विकतचं घालून वाटी परत करू? ठमाबाईची?"

"मग उद्या बारामतीहून..."

"उद्या मी इथे असणार आहे का?" इंदिराबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की दत्तोपंत उठून बसले. मग त्यांना पहिल्यांदा दिसलं की बायको रडते आहे.

ऊन कलेपर्यंत त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. शेवटी भांडी पदराखाली झाकून निघाल्या. योगिनीनं वाटी घेतली, पायाला हात लावला, आत पाहिलंही नाही. नर्सबाई "अहो, कशाला घाई," म्हणाल्या. बापूसाहेबांच्या घरी दार सुनेनं उघडलं, तिला तर काही कळलंच नाही. तरी प्रत्येक दारात इंदिराबाईंची मान आपोआप खाली जात होती. ठमाबाईचं दार त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ठमाबाई शेंगा निवडत बसली होती. तिनं भगुलं घेतलं, झाकण काढलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"ठमाबाई, घरात काहीच नाही हो," इंदिराबाई म्हणाल्या. "सगळं संपवून बसले मी. रिकामंच आणलंय."

"रिकामं मी न्हाय घ्येनार," ठमाबाई म्हणाली आणि भगुलं त्यांच्या हातात परत दिलं.

क्षणभर इंदिराबाई पुन्हा इंदापूरच्या उंबऱ्यावर होत्या. मान पार खाली गेली. ठमाबाईला ते दिसलं असावं, कारण तिनं हाताला धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"रागानं न्हाय म्हनत, वयनी. इतकी वर्सं तुमी माजं कायबी तुमच्याकडं ऱ्हाऊ दिलं न्हाय. सकाळी दिलं की सांजच्याला परत. मला वाटायचं, ह्या बाईला आपलं वझं हुतंय. आज भरून दिलं असतं तर झालंच की. तुमी ग्येला, भगुलं आलं, मिटलं सगळं." तिनं नाक पुसलं. "आता ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तितं चूल पेटली, मनाजोगतं काय झालं, की घिऊन या भरून. तवर माजं तुमच्याकडं हाय, एवढं मला आसू द्या."

इंदिराबाईंना वाटत आलं होतं की कुणाचं काही न ठेवणं म्हणजे कृतज्ञता. आणि इथे ही बाई काही ठेवून घ्या म्हणून विनवीत होती. त्या ठमाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडल्या. ओटा सोडताना न आलेलं सगळं रडू तिथे आलं. ठमाबाई शेंगांच्या हातांनीच त्यांची पाठ चोळत राहिली, त्यामुळे साडीला माती लागली ती लागलीच.

अंधार पडायच्या आत इंदिराबाई उठल्या, पण घरी गेल्या नाहीत. आधी बापूसाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सून गोंधळली. "काकू, काही राहिलं का?"

"मघाचं कढीचं पातेलं आण बरं," इंदिराबाई म्हणाल्या. "मी घेऊन चाललेय ते."

नर्सबाईंकडे गेल्या, डबा मागितला. योगिनीकडे गेल्या, वाटी मागितली. योगिनीला वाटलं, काकूंचं डोकं फिरलं, पण तिनं वाटी आणून दिली. जन्मात ज्या बाईनं कुणाचा चमचा रात्रभर घरात राहू दिला नव्हता, ती दारोदार फिरून लोकांची भांडी मागत होती आणि मान वर करून मागत होती.

रविवारी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेल्या दत्तोपंतांनी बायकोच्या मांडीवरची चळत पाहिली. एकावर सोनबाचं नाव कोरलेलं, एकावर नर्सबाईंच्या आईचं, एकावर बापूसाहेबांच्या घरच्या कुठल्या तरी लग्नाची तारीख.

"अगं, ही सगळी लोकांची," ते घाबरून म्हणाले. "द्यायची राहिली की काय?"

"राहिली," इंदिराबाई म्हणाल्या, आणि चळत पोटाशी घट्ट धरून बसल्या.