मुलींच्या बाथरूमचं कुलूप

वनमाला घाटकोपरच्या एका शाळेत अकरा वर्षं मावशी होती. मुलींचं बाथरूम तिच्या ताब्यात होतं आणि ते तिने लख्ख ठेवलं होतं. मधली सुट्टी सोडली तर दाराला कुलूप असायचं. तास चालू असताना कुणी चावी मागायला आलीच, तर "आत्ताच जाऊन आलीस ना गं?" असं ती चारचौघींत विचारायची. हळूहळू मुली यायच्याच बंद झाल्या. मोठ्या मॅडम बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते बाथरूम मुद्दाम दाखवायच्या आणि वनमालाला बरं वाटायचं.

तिची मुलगी अक्षता त्याच शाळेत नववीत होती. दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. दर पंधरा-वीस दिवसांनी कंबरेतून कळ निघून ओटीपोटात उतरायची, दोन दिवसांनी थांबायची. वनमालाने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. तिसऱ्या वेळी नेमकी गणिताची चाचणी होती. तेव्हा मात्र, नाटकं पुरे झाली, म्हणत तिने पोरीला दंडाला धरून शाळेत नेलं. अक्षता कठडा धरून जिना चढली आणि अर्ध्या पेपरात बाकावरच ओकली.

त्याच संध्याकाळी लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत मूत्रनळीत अडकलेला खडा दिसला. डॉक्टर म्हणाले, खडा व्हायला कारणं बरीच असतात, पण हिच्या अंगात पाणीच नाही. का पीत नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"तहानच लागत नाही," अक्षता खाली बघून म्हणाली.

तिची जशीच्या तशी घरी येणारी बाटली वनमाला रोज कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत आली होती. पोरगी विसरते, एवढंच तिला वाटायचं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "माझ्याकडे चावी का नाही मागितलीस?"

"मला एकटीला दिली असतीस तर पोरींनी मला सोडलं नसतं. आणि नसती दिलीस तर?" अक्षता भिंतीकडे वळली. "त्यापेक्षा पाणीच नको, म्हटलं."

गोळ्यांनी आणि पाण्याने दहाव्या दिवशी खडा पडला. कुलूप वनमालाने त्याआधीच काढलं होतं. घाण होईल, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, मी दिवसातून तीनदा धुवीन. कारण मात्र तिने सांगितलं नाही. डॉक्टरांसमोर लेकीने तिची लाज राखली होती. ती स्वतःच्या तोंडाने घालवायची हिंमत तिला झाली नाही.

महिन्याभराने भाजीवाल्यापाशी मनाली भेटली. शाळा सोडून तिला पाच वर्षं झाली होती, पण मावशी दिसताच ती रस्ता ओलांडून आली. वनमालाने तिला शाळेत पाणी प्यायचीस का, असं विचारलं.

मनाली हसली. "मावशी, तुमच्या भीतीने मी सकाळचा चहासुद्धा सोडला होता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. वनमालाने तिचा हात धरला. "चुकलं गं माझं," ती म्हणाली.

मावशी हात का सोडत नाहीत, ते मनालीला कळेना.