आमच्या परसातलं खळं

बढाई मारायची नाही असं ठरवून बसले तर एक ओळ पुढे सरकणार नाही, तेव्हा आधीच सांगून टाकते. बोईसरला आमच्या बैठ्या घरामागे हातभर परस आहे, आणि त्यात जितकी पाखरं येतात तितकी आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडे येत नाहीत. पेरूच्या फांदीला करवंट्या टांगल्यात, त्यांत तांदळाची कणी. खाली विटांवर पसरट थाळी, शेजारी पाण्याचं मातीचं परळ. कधी पिकली पपई अर्धी कापून ठेवते. मुलीने नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना मला दिला. तो मी पिठाच्या रिकाम्या डब्यात उभा करते, डब्याला समोर भोक पाडलंय. पाखरांना डबा दिसतो, मी दिसत नाही. बुलबुल, साळुंक्या, दयाळ, मुनिया, पपईवर बसलेला तांबट, सगळ्यांचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत. गल्लीतल्या बायका दळणाला निघाल्या तरी आधी माझ्याकडे डोकावतात.

आमचे हे सांगलीकडचे, कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी जवळच्याच किनाऱ्यावरच्या मुरब्याची, मासेमारांच्या घरातली. मला पाखरं चारायचं वेड लागावं याचं ह्यांना फार हसू येतं, कारण माझं लहानपण पाखरं हाकलण्यात गेलं. आमच्याकडे बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात, आणि जवळा खाली खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, पसरतात. वर घारी, कावळे, बगळे टपलेलेच. पण माझी आई काठी घेऊन खळ्यात बसली की कावळ्याची खाली उतरायची छाती होत नसे. "हिचा बोंबील कावळ्यानं कदी चाखला नाय," असं मुरब्यात म्हणायचे, आणि आई ऐकून न ऐकल्यासारखं करत पदर सारखा करायची.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तिला बोईसरला आणलं. वडील वारलेले, मला भाऊ नाही, आणि तिचे गुडघे गेलेले. ओटीवरून उतरताना एकदा पडलीसुद्धा. तिने येताना कपड्यांची पिशवी आणली, खळ्यातली काठी आणली आणि वडिलांच्या जाळ्याचा एक तुकडा आणला. बाकीची जाळी विकली होती, तेवढा तुकडा तिने ठेवला होता. त्याला कात्री लावायची कुणाची टाप नव्हती.

रोज संध्याकाळी तिचं एकच पालुपद. "मना मुरब्याला पोचव. हितं माजं काय काम हाय? नुसतं खायाचं नि बसायचं." मी विषय बदलायचे. ती तिकडे एकटीच पडली तर कुणाला कळणारही नाही, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पण ज्याला राहायचंच नाही त्याला धरून तरी कसं ठेवणार?

त्यात पाखरांची पंचाईत. साळुंकी थाळीवर उतरली की आईचा हात आपसूक काठीकडे जाई आणि तोंडातून "हाऽर्रर्र!" निघे. माझ्या व्हिडिओंत आधी पाखरू, मग आईचा आवाज, मग नुसती थाळी. "तुझ्या आईच्या धाकानं बोईसरची पाखरं डहाणूला गेली," हे म्हणाले. मला हसू आलं नाही. मी तणतणत आईला म्हटलं, "आये, ते दाणे त्यांच्यासाठीच टाकलेत!"

"पाखरांसाटी?" ती म्हणाली. "आनि मानसांनी काय खायाचं?"

तिच्या लेखी उन्हात पसरलेली वस्तू म्हणजे वाळवण, आणि वाळवण राखायचं असतं. ते तिच्या हाडीमासी खिळलेलं. वाद घालून उपयोग नव्हता.

थंडीतल्या एका सकाळी मी थाळीत कणी पसरली, डब्यात मोबाइल चालू केला आणि भाजी आणायला गेले. परतले तर आई मागच्या पायरीवर बसलेली. लुगड्याला गुडघ्यांवर माती, मांडीवर जाळ्याचा तो तुकडा, आणि त्याला हे एवढं भोक.

"काय झालं गं?"

"काय नाय. उंदरानं खाल्लं असल."

आईला खोटं बोलता येत नाही. ती माझ्याकडे बघेचना.

मोबाइलवर मात्र सगळं आलं होतं. आई येते, थाळीवर जाळं पसरते, चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवते, अगदी खळ्यात ठेवायची तसे, आणि समाधानाने निघून जाते. थोड्या वेळाने मुनिया उतरतात. एक जाळ्यावर बसून चोच आत घालते, मग डोकं घालते आणि अडकते. नुसती फडफड. मग आई पुन्हा येते, जमेल तेवढी घाईने. जिला न्हाणीपर्यंत जायला माझा खांदा लागतो, ती मातीत दोन्ही गुडघे टेकते. जाळ्यातून मासे सोडवण्यात जन्म गेलेली ती बोटं, पण मुनियेची मान केवढीशी, आणि दोरा पिसांत रुतलेला. बोटं चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. मग ती जाळं तोंडाशी नेते आणि दोरा दाताने तोडते. एक, मग शेजारचा, मग आणखी एक. "भ्यू नको गो बाय," ती पुटपुटते, आणि मूठ उघडते.

आमच्याकडे जाळं तोडत नाहीत. मासा कसाही गुंतू दे, सोडवत बसायचं, वेळ लागला तर लागू दे. आणि हे तर वडिलांचं जाळं. स्वयंपाकघरात उभी राहून मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि अभिमानाने माझा ऊर भरून आला. ही माझी आई आहे, असं कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. ह्यांना दाखवला तर ह्यांना डहाणू आठवलं नाही. मोबाइल परत देत म्हणाले, "आईंना चहा दिलास का?"

आईला मी एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "कनी कुटं ठेवलीस?" त्या दिवसापासून परस तिच्या ताब्यात गेलं. काठी होतीच, पण ती आता मांजरावर आणि पाखरं उचलणाऱ्या शिकऱ्यावर उगारली जायची. बुलबुल एकदम गप्प झाले की तिची मान वर जायची, आणि शिकरा पेरूवर टेकायच्या आत "हाऽर्रर्र!" व्हायचं. तो आवाज माझ्या व्हिडिओंत आहे. मुलगी म्हणते, आजीचा आवाज काढून टाक. मी मुळीच काढणार नाही.

मुरब्याचं नाव मात्र आईने सोडलं नव्हतं. "शिमग्याला मना ने. मंग मी तितंच ऱ्हाईन." मी हो म्हटलं, आणि कांदा चिरायच्या निमित्ताने रडून घेतलं.

शिमग्याला ह्यांची कारखान्यात पाळी होती, म्हणून आम्ही दोघीच मुरब्याला गेलो. होळीच्या दुपारी खळ्यातल्या तिच्या साऱ्या मैत्रिणी ओटीवर जमल्या. आईने मोबाइल मागितला, मी पाखरं लावून दिली आणि आत चहा ठेवला. तिच्या गोळ्या कुठे ठेवायच्या, शेजारणीला काय काय सांगून जायचं, हेच डोक्यात घोळत होतं. बाहेर हसण्याचा गलका उठला.

"अगो, जलमभर पाखरं हाकललीस, नि आता चारतेस काय?" कुणीतरी म्हणालं.

"तवा मासं माजं होतं," आई म्हणाली. "आता पाखरं माजी हायत."

मी हातातली गाळणी घेऊन दारात आले. आई ताठ बसली होती, खळ्यात बसायची तशी. तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळली.

"पोरी, धुळवड झाली का लगीच निगू. जावायांनी परळात पानी भरलं असल, मना नाय वाटत."