सपाट पायाचा गडी

चपला कायम काखेत धरून चालणारा तो गडी भेटला की विचारायचा, "काऊन कंपाउंडरभाऊ, माही भरती कधी?" लढाई सुरू होती. गोंदियाच्या फौजभरतीत त्याच्या ओल्या पावलाचा अख्खा ठसा मीच आमच्या डॉक्टरांना दाखवला होता. सपाट पाय म्हणून तो नापास झाला. सूट मागायला तो रोज दवाखान्यात यायचा आणि मला त्याच्याकडे बघवत नसे.

एकदा तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, डॉक्टरांची नि माझी बैलबंडी चिखलात रुतली. मागोमाग तो होताच. डॉक्टरांना खांद्यावर घेऊन धावत सुटला. "पाय चपटा हाये म्हनून तं रुतत नाही, सायेब!"

मग माझ्यासाठी परत आला. मी खांद्यावर बसतो तोच पलीकडून डॉक्टर ओरडले, "दिली सूट!" तो मला घेऊनच चिखलात नाचू लागला. मी त्याचे केस घट्ट धरले होते, आणि त्याच्याहून मोठ्याने मीच ओरडत होतो.