चित्रातला जमिनीलगतचा उजेड

बाबा नागपूरला आयसीयूत होते आणि माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेलेला. तो हातात पडेपर्यंत मला इंग्लंडबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. ब्रॅकनेलच्या त्या भाड्याच्या घरात मी दिवसभर दाराच्या टपालफटीकडे बघत बसायचे. शेवटी नवरा वैतागला. "अगं, घरात बसून वेड लागेल तुला. चल, लंडनला जाऊ. गॅलरीला एंट्री फ्री आहे."

तिथे एक गाइडबाई काही लोकांना अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रासमोर उभं करून समजावत होती. आम्हीही त्यांच्यात घुसलो. चित्रात एक मोलकरीण, डोक्याला पांढरी टोपी, हातात वाडगा. डावीकडून तिच्यावर मऊ उजेड पडलेला. मागे अर्धवट उघडं दार आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत अगदी जमिनीलगत एक पिवळा ठिपका.

"मूड काय वाटतो?" गाइडबाईने विचारलं. कोणी म्हणालं शांत, कोणी म्हणालं घरगुती. ती खूश झाली. आतला आजारी माणूस आता बरा होतोय, ही त्याला सूप द्यायला निघाली आहे, असं तिने सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. "तो माणूस गेलाय," मी इंग्रजीत जोरात म्हणाले. "आत दिवा ठेवलाय, दिसत नाही का?"

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याला ठेवलेल्या जागी पीठ पसरून जमिनीवर दिवा ठेवतात. मला तो ठिपका दुसरं काही वाटूच शकला नाही. सगळे वळून बघायला लागले. ती शेगडी आहे, गाइडबाई समजुतीने म्हणाली. नवऱ्याने माझा दंड धरला, मी तो झटकला. असेल शेगडी. पण आजाऱ्याला जेवण नेणारी बाई अशी वाटेत थबकते का? तिला आता कुठे जायचंच नव्हतं. मला रडू आवरेना.

त्याच आठवड्यात बाबा गेले. "थांबायचं का तुझ्यासाठी?" भावाने फोनवर विचारलं. कशाच्या भरवशावर थांबा म्हणू? नको म्हणाले.

पासपोर्ट आला आणि मी नागपूरला पोचले, तोवर तेरावं होऊन गेलं होतं. पुढची खोली पुसून लख्ख केलेली. फरशीवर तेलाचा डाग तेवढा उरला होता. मी त्याच्याशेजारी बसले.

"तू येईपर्यंत ठेवला असता दिवा," आई म्हणाली, "पण तसा ठेवत नाहीत."